साडूंची पाककृतींची वही

छापलेल्या अक्षरावर आमच्या साडूंनी जितका विश्वास टाकला तितका परभणी जिल्ह्यात दुसऱ्या कोणी टाकला नसेल, आणि त्या विश्वासापायी इतकी वाईट जेवणंही दुसऱ्या कोणी जेवली नसतील. सेलूला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत ते आरेखक होते, म्हणजे कालव्यांचे नकाशे काढायचे. चपला उंबऱ्याशी काटकोनात काढून ठेवायचे आणि चहात साखर घालताना चमचा बोटाने सपाट करून घ्यायचे. असा माणूस नकाशे काढत काढत म्हातारा झाला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण माझ्या मेहुणीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, नांदेडला नर्सिंगच्या दीड वर्षाच्या कोर्सला प्रवेश मिळाला. घरात सहा वर्षांची मुलगी. सगळे नातेवाईक म्हणाले, हे काही जमायचं नाही. सगळ्यात मोठ्या आवाजात मी म्हणालो. साडू म्हणाले, "स्वयंपाक मी करतो. शिकायची गोष्ट हाय ती. पुस्तकं असतीलच की." या एका वाक्याच्या भरवशावर मेहुणी नांदेडच्या गाडीत बसली. त्या दिवसापर्यंत या गृहस्थाने दूधसुद्धा तापवलेलं नव्हतं.

मग साधनं गोळा करण्याचा सपाटा सुरू झाला. वाचनालयातून त्यांनी एक जाडजूड पाकशास्त्राचं पुस्तक आणलं. ते लिहिणाऱ्या बाई समुद्रकाठच्या असाव्यात, कारण दर दुसऱ्या पानावर ओलं खोबरं आणि ताजी मासळी होती. सेलूच्या बाजारात कापूस म्हणाल तेवढा मिळेल, पण ओला नारळ विचारला तर दुकानदार देवापुढे फोडायचा सुकलेला नारळ पुढे करायचा. साडू अख्खा आठवडा नारळ हलवून आतलं पाणी ऐकत बाजारभर हिंडले. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून त्यांनी कृती कापल्या, नकाशाच्या वहीत डिंकाने चिकटवल्या आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. 'कांदा गुलाबी होईपर्यंत परता' हे वाचून त्यांनी कचेरीतली गुलाबी शाईची बाटली घरी आणली आणि कढईशेजारी धरून बसले. शाईचा रंग काही येईना, कांदा कोळसा झाला. 'चवीपुरते मीठ' या शब्दावर तर ते इतके संतापले की लेखिकेला पत्र धाडलं: 'चवीपुरते म्हणजे किती ग्रॅम, कृपया कळवावे.' पोस्टकार्डावर उत्तर आलं, 'अंदाजाने घालावे.' "अंदाजाने!" ते माझ्यासमोर ते कार्ड नाचवत म्हणाले, "अंदाजाने आमी कालवा काढला असता तर पाणी तुमच्या घरात आलं असतं!"

रेडिओवर दुपारी बायकांच्या कार्यक्रमात पाककृती सांगत. जेवणाच्या सुट्टीत साडू घरी येऊन पेन्सिल घेऊन रेडिओसमोर बसत. नेमका त्याच वेळी कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा व्हायचा. त्यांच्या वहीत ढोकळ्याची कृती मी स्वतः पाहिली आहे: 'डाळीचे पीठ दोन वाट्या, दही एक वाटी, (भोंगा) दोन चमचे.' भोंग्याच्या जागी काय असेल याचा त्यांनी बराच विचार केला आणि दोन चमचे हिंग घातला. तो ढोकळा चाखायला मला बोलावलं होतं. मी एक घास घेतला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. त्यांची मुलगी मात्र पाण्याबरोबर गिळत राहिली, कारण बाप पेन्सिल हातात घेऊन समोर बसला होता. माझी बायको रोज डबा द्यायला तयार होती. साडू म्हणाले, "नको, ताई. डबा येत राहिला तर मी कशाला शिकेन?" तीन महिन्यांत पोरीच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. मी जाता-येता टोमणे मारायचो. माझ्या कचेरीतल्या लोकांना त्यांच्या कृती क्रमांकासकट सांगून हसवायचो. मला त्यात गंमत वाटायची, हे लपवण्यात अर्थ नाही.

या सगळ्या कागदांत ज्वारीची भाकरी कशी करावी हे कुठेच नव्हतं. जे घरोघरी येतं ते छापायचं कशाला, असं लिहिणाऱ्यांना वाटलं असेल. ज्याला ते येत नाही त्याने मग जायचं कुठे? साडू गेले शेवंताबाईकडे. जिनिंगमध्ये सरकी वेचणारी ही बाई दुपारी कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली भाकरीचं फडकं सोडून बसायची. तिच्या भाकरीची गोलाई पाहून आरेखकाचा जीव वेडा झाला. त्यांनी विचारलं, "बाई, मला शिकवता का?" ती आधी हसली, मग म्हणाली, "रविवारी घरी या. सरपण घिऊन या."

शेवंताबाई राहायची भीमनगरात, दलित वस्तीत, आणि ती विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची वर्षं होती. कोण कोणाच्या चुलीपाशी बसतो यावर गावाचे डोळे असत. साडू दर रविवारी सायकलला सरपणाची मोळी बांधून, पोरीला पुढच्या दांडीवर बसवून, वही घेऊन उघड उघड तिकडे जायचे. एकदा मला बरोबर नेलं. मी दाराबाहेरच सायकल धरून उभा राहिलो. आतून ऐकू येत होतं.

"पाणी किती?"

"मावंल तितकं."

"म्हंजे किती?"

"ओ सायेब, ती वही ठिवा बाजूला. पीठ तुमच्याकडं बघायलंय, तुमी वहीकडं बघायलाव. हात घाला पिठात. हां. आता मळा. रागानं न्हाई, मायेनं."

परतताना मी म्हणालो, "साडूभाऊ, लोक काय म्हणतील याचा काही विचार?" ते म्हणाले, "लोकांनी अजून एकबी कृती छापलेली न्हाई." मला राग आला. आज वाटतं, तो त्यांच्यावर नव्हता. चहासाठी शेवंताबाईने मलाही आत बोलावलं होतं, आणि मी घाई आहे म्हणालो होतो.

थंडीत पोरीला कावीळ झाली. चार दिवस तिच्या पोटात काही ठरेना. तार मिळताच मेहुणी नांदेडहून आली, ती ट्रंक घेऊनच. कोर्स सोडायचा असं ठरवूनच आली होती. मीही लगोलग पोचलो, खोटं कशाला सांगू, 'मी म्हटलंच होतं' एवढं एक वाक्य म्हणायला. स्वयंपाकघरात साडू पाटावर बसून ज्वारीच्या कण्या ढवळत होते. समोर वही नव्हती. मेहुणी पदराने डोळे पुसत म्हणाली, "सरका तुमी. मी करते."

"बस," ते म्हणाले. "झाल्यात आता."

त्यांनी कण्या वाटीत घेतल्या, ताजं ताक घातलं, बोटाने चाखून मीठ टाकलं आणि पोरीला मांडीवर घेतलं. तिने एक घास खाल्ला. मग दुसरा. अर्धी वाटी संपल्यावर ती म्हणाली, "शेवंतामावशीसारख्या झाल्यात." आणि बापाच्या मांडीवरच झोपली. मेहुणी बराच वेळ त्या वाटीकडे बघत राहिली. दोन दिवसांनी पोरीचे डोळे निवळायला लागले, तेव्हा साडूंनी ट्रंक स्वतः उचलून स्टेशनवर नेली. आणलेलं वाक्य मी तसंच घरी परत नेलं.

मेहुणी पास झाली, पाथरीकडे एका खेड्यात तिला नोकरी लागली. त्या आनंदात साडूंनी आम्हाला जेवायला बोलावलं. भाकरी, पिठलं, ठेचा, कण्या. शेवंताबाई आली होती, आमच्याच पंगतीत बसली आणि "ठेच्यात लसूण लय झाला" असं बजावून गेली. मीही नावं ठेवत चार भाकरी खाल्ल्या. दुपारी उन्हातून मी आणि माझी बायको घरी निघालो. रेल्वे फाटकापाशी गाडी जाईपर्यंत थांबावं लागलं, तेव्हा तिने सहज विचारावं तसं विचारलं, "मला डी.एड.च्या प्रवेशाचं पत्र आलं होतं, ते आठवतं का तुम्हाला?"

आठवत होतं. लग्नाचं दुसरं वर्ष होतं. आपल्याला गरज काय, असं म्हणून मीच ते घडी घालून कपाटात ठेवलं होतं, आणि नंतर तिनेही कधी विषय काढला नव्हता. तिच्या धाकट्या बहिणीला ट्रंक उचलून देणारा माणूस मिळाला, आणि त्या माणसाला मी वर्षभर हसत होतो.

गाडी गेली, फाटक उघडलं. मी म्हणालो, "आता काय करायचं?"

"आता काय," ती पदर सावरत पुढे चालू लागली, "संध्याकाळी काय खायचं ते सांगा."