उद्घाटनाचा पेशंट

"काल रात्रीपासून काही खाल्लंय का?" मी विचारलं.

सुमनबाईंनी मान हलवली. "नाय मॅडम. पाण्याचा घोट बी नाय."

त्या ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खोलीत स्ट्रेचरवर पडल्या होत्या. हिरवा गाऊन, केस टोपीत. मी नाडी बघायला हात धरला, तर बोटं तुपाने चकचकत होती. वेलदोड्याचा वास येत होता.

"हाताला काय लागलंय?"

"परसाद हाय. तेवढाच घेतला."

मी भूलतज्ज्ञ आहे. कुठल्याही एका हॉस्पिटलची नाही. सर्जन फोन करतात, मी माझी बॅग घेऊन जाते, पेशंटला भूल देते, शुद्धीवर आणते आणि पुढच्या हॉस्पिटलला जाते. संभाजीनगरात आमच्यासारखे बरेच आहेत. पेशंटला आमचं नाव माहीत नसतं, आणि सगळं नीट पार पडलं तर ते माहीत करून घ्यायचं त्याला कारणही नसतं.

त्या दिवशीचा फोन डॉ. विक्रमचा होता. हुशार सर्जन. शिकत असताना माझ्याबरोबर अनेक केसेस केलेला. त्याने हर्सूलच्या बाजूला स्वतःचं हॉस्पिटल बांधलं होतं. "उद्घाटनाला पहिली केस तुमच्याच हातची हवी, मॅडम," तो म्हणाला. मी समारंभाला येणार नाही, भूल द्यायला येईन असं सांगितलं. पण समारंभ थिएटरच्या दारापर्यंत आला होता.

दाराला लाल फीत होती. प्रमुख पाहुण्यांनी ती कापायची आणि मग साडेअकराच्या मुहूर्तावर पहिली शस्त्रक्रिया सुरू व्हायची, असा कार्यक्रम होता. बाहेरच्या फ्लेक्सवर विक्रम सुटाबुटात हात जोडून उभा होता आणि खाली "शुभहस्ते पहिली शस्त्रक्रिया" असं छापलं होतं. पाहुणे राजकारणातले होते. ते नक्की काय कापणार आहेत, याबद्दल फ्लेक्स वाचून खात्री वाटत नव्हती. फोटोग्राफर थिएटरमध्ये बूट घालून फिरत होता. मी त्याला बाहेर काढलं, तो दुसऱ्या दाराने आत आला.

पहिला पेशंट मोफत, असं विक्रमच्या आईने ठरवलं होतं. म्हणून लासूर स्टेशनजवळच्या गावातून सुमनबाईंना आणलं होतं. वय पंचेचाळीसच्या आसपास. पित्ताशयात खडे. वर्षभर पोटात कळा येत होत्या. नवरा रामभाऊ लासूरच्या बाजारात तोलाईचं काम करायचा. खासगीत ऑपरेशन परवडणारं नव्हतं. हे एक ऑपरेशन झालं की बाई मोकळी होणार होती, इतकं साधं होतं ते.

आणि सकाळी हॉस्पिटलमध्ये सत्यनारायण झाला होता.

"तुम्हाला काही खायचं नाही असं सांगितलं होतं ना?" मी विचारलं.

"व्हय. सिस्टरनं चारदा सांगितलं. म्या चहाला बी नाय म्हणले. पण डाक्टरच्या आईनं सोताच्या हातानं द्रोण भरून दिला. म्हणल्या, तू आमची पहिली लक्ष्मी. भरल्या मानसांत परसादाला नाय कसं म्हनावं?"

"संपवला?"

"परसाद टाकत्यात का, मॅडम?"

त्यांच्या हिशेबात त्या उपाशीच होत्या. प्रसाद हे खाणं नव्हे. उपासालाही तो चालतो.

इथे थोडं समजावून सांगते. भूल दिली की माणूस फक्त झोपत नाही. गिळणं, खोकणं, ठसका लागणं, सगळं बंद होतं. पोटात अन्न असेल तर ते उलटून वर येतं आणि श्वासनळीवाटे फुफ्फुसात जाऊ शकतं. भरपूर तूप घातलेला शिरा पोटातून पुढे सरकायला सात-आठ तास घेतो. अपघातातल्या पेशंटला आम्ही भरल्या पोटी भूल देतो, कारण थांबलं तर तो जाणारच असतो. तिथे धोका पत्करायला कारण असतं. इथे कारण होतं पंचांग.

मी विक्रमला बाजूला घेतलं.

"केस होणार नाही. पोट भरलेलं आहे."

"कशाने?"

"तुझ्या घरच्या शिऱ्याने."

"दोन घास असतील, मॅडम."

"द्रोणभर. संपवलाय."

"नळी टाकून काढून घेऊ."

"शिरा नळीतून येत नाही, विक्रम. तुला माहितीय."

"मग स्पायनल देऊन करू." म्हणजे पाठीत इंजेक्शन देऊन छातीखालचं अंग बधिर करायचं.

"दुर्बिणीने करताना पोटात गॅस भरणार. ती वर ओकली तर? आणि स्पायनल अर्धवट लागलं तर पूर्ण भूल द्यावीच लागेल. तेव्हा मी काय करू, पूजा घालू?"

"बाहेर साहेब येऊन बसलेत. त्यांना काय सांगू?"

"पेशंटने खाल्लंय असं सांग."

"हसतील ते."

"हसू दे. त्यांना दुसरं काम काय आहे आज?"

तेवढ्यात विक्रमच्या आई आल्या. नऊवारी, नथ, हातात अजून हळदीकुंकवाचं तबक. बाई मनाने खरंच मोठ्या. पहिला पेशंट मोफत ही कल्पना त्यांचीच. त्या मला म्हणाल्या, "मॅडम, देवाचा परसाद हाय तो. त्यानं कुनाचं वाईट झालंय का आजवर?"

"काकू, फुफ्फुसाला प्रसाद ओळखता येत नाही."

त्यांना ते लागलं. माझा नाइलाज होता.

मी विक्रमला सांगितलं, संध्याकाळी करू, मी इथेच थांबते. संध्याकाळी लॉनवर सत्कार आणि जेवणं होती. मग उद्या सकाळी करू, मी म्हटलं. तर तो म्हणाला, "उद्या ती पहिली कशी म्हणायची, मॅडम?" हे तो अगदी प्रामाणिकपणे विचारत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कर्ज काढून बांधलेलं हॉस्पिटल, बाहेर अर्धा तालुका जमलेला, आणि आपली जुनी मॅडम दारात उभी राहून नाही म्हणतेय. मला त्याची दया आली. दया आली म्हणून भूल देता येत नाही.

मुहूर्त चुकला नाही. हॉस्पिटलच्या ड्रायव्हरच्या पाठीवर चरबीची एक गाठ होती. बरीच वर्षं होती आणि तिचा कुणालाही त्रास नव्हता, त्यालाही नाही. त्याला बोलावून आणलं. तेवढीच जागा बधिर करायची असल्यामुळे पोट भरलेलं चालतं, आणि भूलतज्ज्ञही लागत नाही. "काढायची का रे?" विक्रमने विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही म्हनाल तसं, सर." फीत कापली गेली, फोटो निघाले, गाठ निघाली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, "जटिल शस्त्रक्रिया यशस्वी."

सुमनबाईंना स्ट्रेचरवरून उठवून साडी नेसायला सांगितलं. त्यांना वाटलं, आपला काहीतरी गुन्हा झाला. त्या विक्रमच्या आईच्या पाया पडल्या. रामभाऊ भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला विक्रमसमोर नेलं.

"पुढच्या आठवड्यात नक्की करू," विक्रम म्हणाला. "फोन करा."

रामभाऊने फोन केला. तो रिसेप्शनच्या मुलीने उचलला. तिला सांगितलं गेलं होतं की मोफत केस उद्घाटनाची होती आणि ती झाली. ती तिच्या जागी बरोबर होती. त्या हॉस्पिटलात प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता.

रामभाऊकडून हे कळल्यावर मी विक्रमला फोन केला. "बघतो, मॅडम," तो म्हणाला. त्यानंतर त्याने मला भूल द्यायला बोलावलं नाही. आता दुसरे डॉक्टर जातात, चांगले आहेत.

मी एका धर्मादाय दवाखान्यातल्या सर्जनशी बोलले. तो तयार झाला. भूल मी देणार होते. रामभाऊला फोन केला, दिवस सांगितला.

"येतो, मॅडम," तो म्हणाला.

आले नाहीत. सर्जनने टेबल राखून ठेवलं होतं. मी त्याची माफी मागितली, दुसरा दिवस घेतला.

"येतो की. तुमच्या शब्दाला मान हाय," रामभाऊ म्हणाला.

तेव्हाही आले नाहीत. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, तेव्हा त्याने खरं सांगितलं. "तिचं मन उठलं, मॅडम. ती म्हनती, देवानं आपल्या परसादानं ऑपरेशन थांबवलं, म्हंजी देवालाच नगं व्हतं. आन् आता दुखत बी नाय."

खड्यांचं असंच असतं. महिनोन् महिने गप्प बसतात. मी सगळं समजावलं, सुमनबाईंशीही बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "व्हय मॅडम. येते."

त्या मला नाही म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. गावी गेले असते, विक्रमच्या आईंना मधे घातलं असतं. त्यांचं कदाचित ऐकलं असतं. पण हो म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नकार देणं हा उद्धटपणा आहे. तो टाळायला "येतो" हा शब्द आहे. सगळे तो वापरतात, सुशिक्षितही. लग्नाची पत्रिका देणाऱ्याला मीही तेच सांगते.

पावसाळा संपता संपता एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत मला दुसऱ्या एका पेशंटसाठी बोलावलं होतं. दाराबाहेर रामभाऊ बसला होता. मी त्याला ओळखायच्या आधी त्याने मला ओळखलं.

एक खडा पित्ताशयातून घसरून नळीत अडकला होता. त्याने स्वादुपिंडाला सूज आली, आणि सूज पसरत गेली. मूत्रपिंडं थकली होती. सुमनबाई व्हेंटिलेटरवर होत्या. मी फाइल पाहिली, तिथल्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी करायचं ते सगळं केलं होतं.

मी बाहेर आले तसा रामभाऊ उठला.

"मॅडम, आता करा की ऑपरेशन. आता तिच्या पोटात कायबी नाय. चार रोज झाले, पाण्याचा थेंब बी नाय. पक्की उपाशी हाय."

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आता अडचण राहिलेली नाही.

अशा सुजेत पोट उघडलं तर पेशंट टेबलावरच जातो. मी तसं सांगितलं नाही. "आत्ता नाही करता येणार, रामभाऊ," एवढंच म्हणाले.

"बरं," तो म्हणाला आणि परत बाकावर बसला.

सुमनबाई दोन दिवसांनी गेल्या.

त्या सकाळी मी नाही म्हटलं ते बरोबर होतं. उद्या तसाच पेशंट समोर आला तरी मी नाहीच म्हणेन. हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलंय. त्यात चूक सापडत नाही आणि त्याचा उपयोगही होत नाही. केस थांबवण्याचा अधिकार मला आहे. थांबवलेली केस पुन्हा उभी करण्याचा अधिकार कुणाकडे असतो, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

आता मी केस रद्द केली तर नवा दिवस ठरल्याशिवाय तिथून हलत नाही. सर्जन वैतागतात. पेशंट किंवा नातेवाईक "येतो" म्हणाले की मी विचारते, कशाने येणार? बरोबर कोण? घरी जनावरांना चारा कोण टाकणार? ज्याला खरंच यायचं असतं तो पटापट उत्तरं देतो. जो जमिनीकडे बघतो, तो नाही म्हणत असतो. त्याच्याशी मी तिथेच, त्याच वेळी भांडते.

एवढं करूनही काही जण येत नाहीत.