छगन साऊंडवाल्याने ऐकवलेली दगडाबाई

सभा संपल्यावर तुम्ही हार कुणाला घालता? भाषण ठोकणाऱ्यालाच ना? साऊंडवाल्याचं नाव तरी कधी विचारलंय?

आमच्या पाथर्डीच्या साऊंडवाल्याचं नाव छगन. आधी वरातीत स्पीकर वाहायचा. आता स्वतःचा टेम्पो आहे. माझ्या सगळ्या मोर्चांना तोच. मी माइक धरला की ओरडतो, आणि ओरडणारच. छगन म्हणतो, "भाऊ, खास तुमच्यापायी लिमिटर घेतला. आवाज ठरल्या रेषेच्या वर जाऊच देत न्हाई त्यो. न्हाईतर माझे स्पीकर कवाच फाटले असते!"

गेल्या दसऱ्यानंतर तहसीलसमोर आमची सभा होती. दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या गाड्या निघणार, आणि मजुरांच्या पोरांचं हंगामी वसतिगृह अजून कुलूपबंद. ते उघडलं नाही तर दगडाबाईंची नात पंकजा शाळा सोडून फडावर जाणार. दगडाबाईंनी जन्मभर कोयता चालवला, पण बोलणं पुटपुटल्यासारखं.

माझं भाषण झालं. निवेदन घ्यायला आलेले तहसीलदार साहेब घड्याळ बघत उभे होते. दगडाबाईंनी माइक घेतला. ओठ हलत होते, पण आवाज येईना. एखादा शब्द ऐकू यायचा, की पुन्हा शांत. साहेब गाडीकडे वळले. मी छगनवर धावलो, "माइक का बंद केलास रे?"

"बंद न्हाई केला! जनरेटरची घरघर अडवायला नॉइज गेट लावलंय. पण माप तुमच्या आवाजाचं धरलं, तितं चुकलो. आज्जीचं बोलनं त्याला घरघरच वाटतंय. व्हा बाजूला, उजेड आडवताय!"

त्यानं बटण फिरवलं. आता गेट हळू आवाजालाही उघडू लागलं. घरघर आली, ती त्यानं येऊ दिली. मग कंप्रेसर लावला. तो चढा आवाज थोडा दाबतो, म्हणून सगळंच बोलणं वर उचलता येतं. "आज्जी, माइक व्हटाजवळ धरा, कुल्फी धरल्यावानी!"

लोक हसले. दगडाबाईही हसल्या. आणि मग पार चौकापर्यंत ऐकू गेलं, "सायेब, माझी लेक फडातच वाढली. नात तरी शाळंत ऱ्हाऊ द्या."

हुंदका आला, तोही स्पष्ट ऐकू आला. साहेब थांबले, माघारी आले. गाड्या निघायच्या आधी वसतिगृहाचं कुलूप निघालं. पंकजा गावातच राहिली, शाळेत.

हार मला घातला गेला. छगन, तो तुझा होता. तुझे लई उपकार आहेत बाबा.

आणि तुम्ही एवढं करा: तुमच्या गावात सभा असेल तेव्हा मशीनचं माप लावायला सगळ्यात हळू बोलणाऱ्या माणसाला आधी माइकसमोर उभं करा.