आखाजीचा उपाशी माणूस

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी सोनं घेतो, आम्ही खानदेशी लोक मेलेल्यांना जेवू घालतो. ज्या घरातलं कोणी गेलेलं असतं तिथे पाण्याची नवी घागर भरून पूजतात, निखाऱ्यावर घास टाकतात आणि गेलेल्याच्या जागी बाहेरचा एक माणूस पाटावर बसवून त्याला पोटभर वाढतात. त्या माणसाला पितरच म्हणतात. बाईसाठी बाई, म्हाताऱ्यासाठी म्हातारा, तरण्यासाठी तरणा, आणि तो उपाशीच यायला हवा. तो जेवून उठेपर्यंत घरातलं कोणी घास तोंडात घालत नाही.

माझे वडील गेले ते श्रावणात. मी तेव्हा पाठीवर सॅक टाकून हिमालयात हिंडत होतो. फोनला रेंज नव्हती. थोरला मी, पण अग्नी धाकट्यानं दिला. चौथ्या दिवशी मी घरी पोचलो तेव्हा तो मला एका शब्दानंही बोलला नाही. पण वर्षाच्या आतली पहिली आखाजी आली तेव्हा त्याचा फोन आला, "बारापर्यंत ये, भाऊ. घागर तरी तुझ्या हातानं भरू."

त्या 'तरी'नं माझं डोकं फिरलं. दोन रात्री मी तो शब्द चघळत होतो. आपली चूक असली की माणसाला दुसऱ्याच्या बोलण्यातले काटे फार लवकर दिसतात, निदान मला तरी दिसतात.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं पहाटे धुळ्याला उतरलो. आमचं गाव अमळनेरच्या पुढे, तिथून दोन तासांवर. गाडी लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. मी चहा घ्यायला गेलो आणि ती सुटेपर्यंत चहाच पीत राहिलो. दुसरी गाडी आली तेव्हा गर्दी आहे म्हणून सोडली. गाडीत सहा माणसं होती. तिसरी यायच्या आत मी सॅक पाठीला लावली आणि स्टँडच्या बाहेर पडलो. काय बघायचं, कुठे जायचं, काही ठरवलेलं नव्हतं. परक्या शहरात हिंडायची मला सवय होती, आपल्याच मुलखात परका होऊन हिंडायची ही पहिलीच वेळ.

धुळं पायी हिंडायला सोपं. जुन्या भागातल्या गल्ल्या सरळ आणि त्यांना नंबर दिलेले, हरवायचं म्हटलं तरी जमत नाही. मी एकेक गल्ली ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. दुकानांची शटर्स खाली होती. घराघरातून पुरण शिजल्याचा वास येत होता आणि दारं सताड उघडी होती. एका लिंबाला झोका बांधून माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. मी जवळ आलो तशा थांबल्या, पुढे गेल्यावर पुन्हा सुरू झाल्या.

पुढे एका ओट्यावर पत्त्यांचा डाव बसला होता. आखाजीला पत्ते खेळलेले घरातल्या बायकाही चालवून घेतात. मी उभा राहून बघायला लागलो. एकानं सरकून जागा केली आणि माझ्या सॅककडे बघून विचारलं, "गडवरथून उनात का, भाऊ?"

चैत्रात आमच्याकडची निम्मी माणसं सप्तशृंगी गडावर पायी जातात. ओझं घेऊन उन्हात चालणारा माणूस म्हणजे गडावरून परतणारा, एवढाच हिशोब त्याला माहीत. मी म्हटलं, "नाही, असाच हिंडतोय."

"आखाजीले?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पान टाकलं. मला मात्र बसवेना.

पांझरेच्या पुलावरून पलीकडे गेलो. नदीत डबक्याएवढं पाणी होतं आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. एकवीरादेवीच्या देवळापाशी सावलीत टेकलो. पावणेबाराला फोन वाजला. धाकटा होता. मी वाजू दिला. पुन्हा वाजला, मी फोन दगडावर पालथा घातला. तिसऱ्यांदा वाजला नाही, आणि मला तो वाजायला हवा होता. किती वेळ मी त्या पालथ्या फोनकडे बघत बसलो होतो कोण जाणे. बर्फातल्या तंबूत मी आठ-आठ दिवस एकटा राहिलेलो आहे, पण इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. बारा वाजून गेले. आता जायचा प्रश्नच मिटला, असं मी स्वतःला सांगितलं आणि देवपुरातल्या कॉलन्यांकडे चालू लागलो.

भूक कडाडून लागली होती. हॉटेलं बंद. चहाची टपरीसुद्धा बंद. एका घराच्या फाटकात पांढरी टोपी घातलेला म्हातारा हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "जेवनात का, भाऊ?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानं माझा हातच धरला. त्या म्हातारा-म्हातारीचा मुलगा माझ्याच वयाचा होता, मोटरसायकलवरून पडून गेलेला. दरवर्षी त्याचा एक मित्र पितर म्हणून यायचा. तो आता सुरतेला नोकरीला, सकाळी फोन करून म्हणाला होता की सुट्टी मिळाली नाही. तेव्हापासून म्हातारा उपाशी माणूस शोधत होता. गल्लीतले सगळे जेवून ढेकर देत बसले होते. अख्ख्या धुळ्यात उपाशी सापडलो तो मी.

त्यांनी माझे पाय धुतले आणि मला पाटावर बसवलं. खापरावरची पुरणपोळी, कटाची रशी, कुरडई, आमरस. समोर हार घातलेला फोटो, केस नीट विंचरलेले. म्हातारी शेजारी बसून वारा घालत होती. "त्याले रस भलता आवडे," असं म्हणायची आणि माझी वाटी भरायची. मला रसाची तेवढी आवड नाही. तीन वाट्या प्यायलो.

जेवण झाल्यावर म्हातारा माझ्या पायांवर वाकला. मी पाय मागे घेतले. तो म्हणाला, "राहू द्या, भाऊ. ह्या पाय आज तुमना नहीत."

मग ती दोघं जेवायला बसली. दीड वाजून गेला होता. पहिला घास उचलताना म्हाताऱ्याचा हात इतका थरथरला की पोळी ताटात पडली. म्हातारीनं ती उचलून त्याच्या तोंडात घातली आणि मला म्हणाली, "सकायपाईन पाणीवर शेत." सकाळपासून दोघं नुसत्या पाण्यावर होती.

मी ताडकन उठलो. ही रीत मला लहानपणापासून पाठ आहे. आमच्या घरीही कोणी जेवलं नसेल, हे सकाळपासून माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्या दोघांचा निरोप धड न घेता मी स्टँडपर्यंत जवळजवळ पळत गेलो.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. रिकामी घागर पाटावर, वर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी. वडिलांच्या जागी जेवायला बोलावलेले त्यांचे मित्र, शेजारचे आबा, ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले. ऐंशीच्या पुढचे, त्यात साखरेचं दुखणं. धाकट्याचं तोंड सुकून गेलेलं. मला बघून तो हसला.

"दोनदा फोन लावला," तो म्हणाला. "मग म्हटलं, गर्दीत उभा असशील, उगाच कशाला त्रास. आबांना म्हटलं तुम्ही जेवून घ्या, तर ऐकेनात. म्हणे, थोरला येतोय ना, मग येऊ दे."

मी घागर भरली. आबा पाटावर बसले, सावकाश जेवले, उठले. मी त्यांच्या पाया पडलो, मला मान वर करवेना. मग धाकट्यानं आमची दोन ताटं वाढली आणि पहिली पोळी माझ्या ताटात टाकली.

"बस. तूही सकाळपासून उपाशीच असशील."

मी म्हटलं, "हो."

आणि जेवलो. एकेक घास पाण्याबरोबर खाली ढकलत सगळं ताट संपवलं. त्यानं आग्रहानं वाढलेला रससुद्धा.

त्यानंतरच्या प्रत्येक आखाजीला मी आदल्या दिवशीच घरी पोचतो. जेवणं झाली की धाकटा पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, की पहिल्या घागरीला आमचा भाऊ दिवसभर तोंडात पाणी न घेता गाड्या बदलत आला होता. पाहुणे माझ्याकडे बघून माना डोलावतात. मी ताटं उचलायला लागतो.