उत्स्फूर्त म्हणजे लगेच नव्हे

शेजारी म्हणत, "या बाईंच्या घराला आग लागली, तर त्या आधी ज्वलनाचं समीकरण तपासतील आणि मग बादली शोधतील."

बाई कॉलेजच्या रसायन-प्रयोगशाळेत साहाय्यक होत्या. परीक्षानळ्या धुणे, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणे आणि आल्यागेल्याचे शब्द दुरुस्त करणे ही त्यांची कामे. पैकी तिसरे कोणी नेमून दिलेले नव्हते. "हिऱ्याचं ग्रॅफाइट होणं उत्स्फूर्त आहे," त्या मुलांना सांगत. "मुक्त ऊर्जा कमी होते, म्हणजे कल तिकडेच. पण किती वेळ लागेल ते त्यात लिहिलेलं नसतं. उगाच घरी जाऊन आईच्या अंगठीवर पहारा देऊ नका."

एके दुपारी कॉलेजच्या ग्रंथपालांनी मुदत उलटलेली पुस्तके परत मागण्याच्या निमित्ताने येऊन त्यांना लग्नाचे विचारले. थेंब थेंब द्रावण सोडणाऱ्या ब्युरेटवरची नजर न हलवता बाई म्हणाल्या, "ही अभिक्रिया उत्स्फूर्त आहे." त्यांच्या लेखी हा स्वच्छ होकार होता. ग्रंथपालांनी मात्र परत जाऊन शब्दकोश उघडला. 'उत्स्फूर्त : पूर्वविचार न करता केलेले.' आपल्याला उतावळे ठरवले, असे समजून ते गृहस्थ नीट विचार करू लागले. त्यात चार वर्षे गेली.

मग एका सोमवारी ते पुन्हा प्रयोगशाळेत आले. "परगावच्या कॉलेजात नोकरी धरली आहे. शनिवारी निघतो. तुम्हाला पुन्हा त्रास होणार नाही."

"कसला त्रास?"

"तुम्हीच नाही का मला उतावळा म्हणालात?"

"मी? कधी?"

"उत्स्फूर्त म्हणालात. शब्दकोशात पाहिलं मी."

बाईंच्या हातून ब्युरेटची तोटी सुटली. फ्लास्कमधले द्रावण फिकट गुलाबी होऊन थांबायचे, ते भडक गुलाबी झाले. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच.

"अहो, शब्दकोशात काय पाहता? रसायनशास्त्राच्या पुस्तकात पाहायचं! उत्स्फूर्त म्हणजे कोणी ढकलत न बसता होणारी गोष्ट."

नव्या नोकरीचे पत्र ग्रंथपालांनी खिशातून काढले आणि चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग मात्र त्यांचा आवाज चढला.

"मग चार वर्षं गप्प का बसलात?"

"होणार एवढंच मी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "तारीख विचारली होतीत का?"