जमिनीतला डबा

गुरुपौर्णिमेचा दिवस. रोपं एकवीस, दर दहा रुपये, एकूण दोनशे दहा. रोपवाटिकेत हजर तिघे: मी, माझी पत्नी आणि आमच्या दत्त भजनी मंडळाचे नाईक. आकडे आधीच लिहून टाकले, कारण पुढचं सांगताना अजूनही माझा हात इतका भरभर धावतो की काहीतरी सुटेल अशी भीती वाटते.

भोपाळच्या कारखान्यात माझी सारी नोकरी स्टोअरमध्ये झाली आणि राहणं टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये. मंडळाने घरोघरी एक झाड लावायचं ठरवलं, पण लोक तयार होईनात. क्वार्टर आपलं नाही, आज ना उद्या सोडायचं, मग झाड कोणासाठी, असं जो तो म्हणे. मलाही ते पटत होतं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं चार महिने उरले होते. शेवटी मीच तोड काढली. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला तळाशी भोकं पाडायची, रोप त्यात लावायचं आणि डबाच जमिनीत पुरायचा. क्वार्टर सोडताना डब्यासकट झाड उचलून न्यायचं. युक्ती एकवीसही घरांना पसंत पडली. कोणी पेरू लावला, कोणी आवळा. मी दत्तमहाराजांचा उंबर लावला, आणि गंजू नये म्हणून डब्याला आतून-बाहेरून रंगही दिला.

पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या उंबराची पानं पिवळी पडून गळू लागली. एका बादलीच्या दोन केल्या, तरी गळती थांबेना. चौकशी केली तर आणखी नऊ घरांतली झाडं माना टाकून होती. तीन घरांनी तर पाणी घालणंच सोडलं. नाईक म्हणाले, "स्टोअरवाले, तुमच्या मालाची मुदत संपली वाटतं." मी हसलो, पण ते लागलं. ही झाडं गेली असती तर आमच्या लायनीत पुन्हा कोणी मातीत बोट घातलं नसतं, आणि दोष माझा असता. इतकी वर्षं दर गुरुवारी आरती करून गुरूचं एक झाड मला जगवता येऊ नये, मग माझी भक्ती तरी खरी किती, असंही मनात येऊ लागलं.

दत्तजयंतीच्या सकाळी पूजेला बसलो, पण मन लागेना. हात जोडून म्हटलं, महाराज, माझा हिशेब संपला, आता तुम्हीच बघा. उठून बाहेर आलो तर फाटकाशी एक म्हातारी बाई उभी. सोबत बकरी, हातात काठी. गळलेली पानं बकरीसाठी नेऊ का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. पानं गोळा करता करता तिने काठी बुंध्याजवळ टेकवली आणि पत्र्याचा आवाज आला. तिने पुन्हा ठोकून पाहिलं.

"जमीन में डिब्बा? जमीन कम पड़ गई क्या, भैया?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. क्वार्टर, निवृत्ती, पुढे झाड उचलून नेणं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पानं पदरात बांधली आणि म्हणाली, "जाना तो तुम्हें है। पेड़ को थोड़े ही जाना है।"

एवढं बोलून ती गेली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मग अनवाणीच नाईकांकडे पळालो आणि पत्रा कापायची कात्री मागून आणली. डब्याभोवतीची माती काढून पत्रा उभा चिरला. आत मुळं गोल गोल फिरून एकमेकांत गुंतली होती, डब्याचाच आकार घेऊन बसली होती. मी त्यांना पाणी घालत होतो आणि वाट अडवत होतो. पत्नीने ती हळूहळू मोकळी केली, आणि आम्ही दोघांनी उंबर काळ्या मातीत सोडला.

संध्याकाळी भजनाच्या आधी मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. नाईक म्हणाले, "चला, रजिस्टरात पहिली खाडाखोड झाली." आणि सर्वांत आधी तेच कात्री घेऊन उठले. चार दिवसांत वीस डबे निघाले. सतराव्या दिवशी उंबराला कोवळं पान फुटलं, तेव्हा मी लहान मुलासारखा ओरडत घरात शिरलो. एकवीसपैकी दोन झाडं गेली, एकोणीस जगली. ती बाई पुन्हा दिसली नाही. पत्नी म्हणते, फाटकाबाहेर तिच्यासोबत कुत्रेही होते. मी फक्त बकरी पाहिली, म्हणून तेवढीच लिहितो.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायच्या दिवशी कारकून यादी घेऊन आला. पंखे तीन, नळ चार, त्यातल्या एकाची तोटी गायब. झाडाला यादीत रकाना नव्हता. नव्या भाडेकरूची बायको उंबराखाली उभी राहून विचारत होती, याला पाणी किती लागतं. मी म्हटलं, आता फारसं लागत नाही, फक्त मोकळं असू द्या. तिला नमस्कार केला, उंबराला केला. इतकं हलकं मला कोणत्याही देवळातून बाहेर पडताना वाटलं नव्हतं.

तोटीचे चाळीस रुपये भरले, कार्यालयाच्या खिडकीवर, पावती घेऊन. उंबर ज्याचा होता त्याच्यापाशी ठेवून आलो.