डबीतली दोन काडतुसं

आमच्या घरात बावीसच्या रायफलची काडतुसं कुठेही सापडायची. स्वयंपाकघराच्या खणात, ट्रकमध्ये, माझ्या नवऱ्याच्या, डेल्मरच्या, पँटच्या खिशात. एकदा तर कपड्यांबरोबर चार धुऊन निघाली आणि मी घर डोक्यावर घेतलं. ही सगळी स्वस्तातली, पाचशेच्या खोक्यात सुटी मिळणारी. ती कोणी मोजत नसे.

मॅचची, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेची, काडतुसं वेगळी. पन्नासांची डबी, प्रत्येकाला आपापलं भोक, आणि डबी कपाटाच्या वरच्या फळीवर. त्यांना मीसुद्धा हात लावायचा नाही. डेल्मरने माझी इतकी काळजी कधी घेतली नाही, असं मी चारचौघांत म्हणायचे आणि तो हसायचा.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याने मला दोन्हींतला फरक शिकवला होता.

"वर्ना, पेट घेणारा मसाला असतो तो काडतुसाच्या बुडाच्या कडेत. स्वस्तातल्यात तो कधीकधी एखाद्या बाजूला कमी पडतो. ठोका नेमका तिथे बसला की नुसतं टक्. खारीच्या शिकारीला चालतं. खार काय तक्रार करणार?"

"आणि मॅचचं?"

"ते चुकत नाही. जिथे चुकून चालणार नाही, तिथे ते."

शनिवारी फायर स्टेशनमागच्या मैदानात नेमबाजी असायची. त्याचा खाणीतला जोडीदार कॉय खिशातून मूठभर सुटी काडतुसं काढून भरायचा. डेल्मर एकेक उचलून उजेडात फिरवून बघायचा.

"गोळ्या निवडतोयस की घेवडा?" कॉय ओरडायचा. "संध्याकाळपर्यंत शिजेल ना रे?"

डेल्मर पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकतील अशा मारायचा आणि मग वळून म्हणायचा, "वाढू का तुला?"

या वसंतात डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो दाखवला. तीस वर्षांची कोळशाची धूळ. त्यानंतर तो एकाही शनिवारी गेला नाही. कॉय बोलवायला आला की हा मागच्या दाराने बाहेर. एकदा जेवताना मक्याच्या पावाचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाला, "तू बहिणीकडे लेक्सिंग्टनला सुखात राहशील."

माझी नजर कपाटाच्या वरच्या फळीवर गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी ती डबी मोजायला लागले. सुटी काडतुसं मोजणं शक्य नव्हतं, आणि गरजही नव्हती. डेल्मरला मी ओळखते. जिथे चुकून चालणार नाही, तिथे तो स्वस्तातलं घेणार नाही. मग डबी लपवली का नाही? लपवली असती तर त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळलंच नसतं. भित्र्या माणसाचं डोकं असंच चालतं. कॉयला सांगायला हवं होतं. लाज वाटली, दुसरं काही नाही. आज स्वतःचाच राग येतो.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी अठ्ठेचाळीस भरली. पुन्हा मोजली. दोन भोकं रिकामी. कपाटात रायफल नव्हती. ओसरीवर बटनही नव्हता.

बटन आमचा कुत्रा. पंधरा वर्षांचा. आठवडाभर त्याने मागचे पाय टेकवले नव्हते, नुसता कण्हत पडलेला. आमच्या डोंगरात आपला कुत्रा आपणच संपवायचा असतो, ते काम दुसऱ्यावर टाकणाऱ्याला लोक नावं ठेवतात. मी स्वतःला समजावलं, बटनसाठीच नेलंय. त्याला एका फटक्यात सुटका मिळावी म्हणून चांगलं काडतूस नेलंय.

पण एका कुत्र्याला दोन कशाला?

ओसरीच्या पायरीवर आले तर पुढे पाय उचलेना. तेवढ्यात वरच्या रानातून आवाज आला. एकच, बारीक, वाळकी फांदी मोडल्यासारखा. मी कठडा घट्ट धरला आणि दुसऱ्याची वाट बघत राहिले. देवा, दुसरा नको. हाक मारावी तर भीती, माझ्या हाकेनेच काही व्हायचं. फोन करावा तर आत जावं लागणार, आणि आत गेल्यावर ऐकू आलं नाही तर? हिकरीच्या झाडाचं एक टणक फळ छपराच्या पत्र्यावर पडलं आणि मी किंचाळले.

किती वेळ गेला कोण जाणे. मग खोकला ऐकू आला. तो खोकला मला एरवी ऐकवत नाही.

डेल्मर उतारावरून येत होता, दर दहा पावलांवर थांबत. खांद्याला रायफल, हातांत जॅकेटमध्ये गुंडाळलेला बटन. पायरीवर बसला, बटनला शेजारी ठेवलं. मग खिशातून एक काडतूस काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मुठीत धरून धरून ते गरम झालं होतं.

"हे कशाला नेलं होतंस?"

"पहिलं उडालं नाही तर म्हणून."

"डेल्मर, इतक्या वर्षांत त्या डबीतलं एक तरी उडायचं राहिलंय?"

तो बटनच्या कानाला चिकटलेलं पान काढत बसला. मग म्हणाला, "नाही."

मी काडतूस मुठीत घट्ट आवळलं. बोलले असते तर भांडलेच असते.

"ती डबी कॉयला देऊन टाक," तो म्हणाला. "रायफलपण. घरातली सुटी काडतुसंही गोळा करून दे. आणि वर्ना, आज मला एकटं सोडू नकोस."

रायफल त्याच्या खांद्यावरून मीच काढून घेतली. आत जाऊन दार उघडंच ठेवलं, त्याची पाठ दिसेल असं, आणि कॉयला फोन लावला. फावडं घेऊन लगेच ये, म्हटलं.

"का गं? कुत्रा गेला का?"

"हो," मी म्हणाले. "कुत्राच गेला." आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.