पुढच्या खेपेला

नंदिनीताईंना पोलिसाने पकडलं ते घराखालच्याच वळणावर. जपानात, कोबे शहराच्या चढावर त्यांचं घर, आणि उतार संपतो तिथे रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं 'तोमारे', म्हणजे थांबा. ताईंनी गाडी हळू केली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, चिटपाखरू नाही. निघाल्या. तेवढ्यात भिंतीआडून पोलीस हजर! "थांबलेच होते की मी," ताई म्हणाल्या. त्याने कमरेत वाकून अतिशय नम्रपणे सांगितलं, की चाकं थांबली नव्हती. आता मुंबईत वाढलेल्या माणसाला याहून जास्त थांबायचं असतं हे कळणार कसं?

ताईंचं वय अठ्ठ्याहत्तर. जपानात पंचाहत्तरीनंतर असा एखादा गुन्हा नावावर लागला, की लायसन्सचं नूतनीकरण करताना गाडी चालवून दाखवावी लागते. त्यांच्या मुलाला, विश्वजितला, हे आयतंच सापडलं.

"आई, पुरे आता. लायसन्स परत करून टाक. बस आहे, टॅक्सी आहे, मी आहे."

"तू ओसाकाला असतोस. आणि बसस्टॉपपासून हा चढ पिशव्या घेऊन कोण चढणार, तुझी टॅक्सी?" ताई फणकारल्या. "परीक्षा देते मी. नापास झाले तर लायसन्स तिथेच टेबलावर ठेवीन. पुन्हा परीक्षा मागणार नाही. मग तर झालं?"

बोलून तर बसल्या. पस्तिशीत जपानी पुस्तकांशी झटापट करून मिळवलेलं लायसन्स होतं ते. मोत्यांच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या नवऱ्याला गाडी कधी जमलीच नाही. तो होता तोवर त्याला रोज ऑफिसात सोडलं ते ताईंनी.

पण हे खूळ त्याहून जुनं. पासष्ट-सहासष्ट सालची गोष्ट. जुहूच्या विमानांच्या धावपट्टीवर रविवारी सकाळी मोटारींच्या शर्यती असत. वळण नाही, बिळण नाही. दोन गाड्या शेजारीशेजारी, समोर सरळसोट पट्टी आणि मधे झेंडेवाला. झेंडा पडला की सुसाट! डोळ्याचं पातं लवतंय तोवर खेळ खलास, आणि तेवढ्यासाठी माणसं गिरगावातून डबे बांधून येत. जळक्या रबराचा वास, दातांखाली धूळ, कानांत दडे. ताईंचा मोठा भाऊ सुरेश मित्राची हेरल्ड गाडी मागून आणायचा. नंदी त्याचं घड्याळ आणि पाकीट सांभाळत दोरीपाशी उभी राहायची आणि अशी ओरडायची, की सोमवारी कॉलेजात तोंडातून आवाज फुटायचा नाही. काय दिवस होते ते!

"दादा, एकदा मला दे ना चालवायला."

"पुढच्या खेपेला तू चालव, नंदे."

दर रविवारी हेच. मग लग्न झालं, कोबे आलं, आणि तीन वर्षांपूर्वी दादाही गेला. दादावर ताईंचा जीव होता, आणि या एका गोष्टीचा रागही तितकाच होता.

परीक्षा केंद्रामागे मैदानात खोटे रस्ते, खोटे सिग्नल. शेजारी परीक्षक मोरीसान मांडीवर कागद घेऊन बसले. विश्वजित तारेच्या जाळीपलीकडे. ताईंनी समोर पाहिलं. पांढऱ्या रेघांमधली मोकळी, सरळ पट्टी. आणि या खेपेला दोरीपलीकडे दुसरंच कोणीतरी उभं! ताईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"दादा, बघ आता," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"काय म्हणालात?" मोरीसान दचकले.

"काही नाही. निघते."

एका बुटक्या कट्ट्यावर चाक चढवायचं आणि चढल्याचढल्या ब्रेक मारायचा होता, तो मारला. मग आलं 'तोमारे'. ताई थांबल्या. चाकं थांबली, मोरीसानांचं पेन थांबलं, तरी ताई थांबूनच. मग ती सरळ पट्टी. वेग चाळीस. दादा पोट धरून हसला असता. हसू दे मेल्याला! शेवटच्या रेघेपर्यंत ताईंनी पाय डळमळू दिला नाही.

पास! मोरीसानांनी वाकून अभिनंदन केलं, ताईंनी त्यांच्याहून खाली वाकून ते घेतलं.

बाहेर विश्वजितचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हरला होता, आणि खूशही दिसत होता. गाडीपाशी येऊन त्याने हात पुढे केला. "मानलं बुवा. दमली असशील, दे किल्ली. जाताना मी चालवतो."

ताईंनी किल्ली मुठीत घट्ट धरली. द्यावीशी वाटेना. अगदी पोटच्या पोरालाही नाही. आणि एकदम त्यांना दादाचा हात आठवला, हेरल्डच्या स्टिअरिंगवरचा. फसवत नव्हता बिचारा. त्याच्याच्याने सुटतच नव्हतं ते. ताईंचे डोळे भरून आले. साठ वर्षं उगीच रागावले मी त्याच्यावर, त्यांना वाटलं.

दार उघडून त्या स्टिअरिंगमागे बसल्या आणि पट्टा ओढला.

"बस तिकडे, विशू. पुढच्या खेपेला तू चालव."